एडिटरराव

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत एक एडिटरराव असतातच. कामाला सुरुवात करायची त्यांची तयारी कधीचीच असते. फक्त त्याआधी कोड लिहायचा एडिटर नक्की व्हायचा असतो.

"लॉगिनचं झालं का हो?"

"आज बसणारच होतो. पण हा कॉमेंटचा राखाडी बघा. फिकट नाही वाटत?"

राखाडी ठरेपर्यंत जेवणाची सुट्टी होते. दुपारी फॉन्ट. शून्याच्या पोटात टिंब हवं की तिरपी रेघ, यावर दोन चहा होतात. शेवटी रेघ ठरते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टिंब येतं.

पूर्वी ते सब्लाइमवाले होते. 2014 साली गिटहबने ॲटम आणला, तेव्हा त्याची जुळवाजुळव करण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घातली. डिसेंबर 2022 मध्ये गिटहबनेच ॲटम बंद केला आणि एडिटररावांनी रीतसर सुतक पाळलं. तोवर सगळं ऑफिस व्हीएस कोडवर जाऊन बसलं होतं. पण कालची इंटर्न पोरं जे वापरतात ते आपण वापरायचं म्हणजे काय!

मग विम. माऊस ड्रॉवरमध्ये कुलूपबंद झाला. 1976 च्या सुमारास बिल जॉयने विमचा पूर्वज व्हीआय लिहिला, त्याच्या टर्मिनलवर बाण एच, जे, के, एल याच कळांवर छापलेले होते, म्हणून आजही कर्सर त्यांनीच हलवायचा, ही कथा ते नव्या मुलांना रंगवून सांगतात. त्या बापड्यांनी विचारलेलं एवढंच असतं, की सर, यातून बाहेर कसं पडायचं? मॅनेजरला गेलेल्या रजेच्या मेलखाली एकदा ':wq' उमटलं होतं. रजा मंजूर झाली, काम नाही.

सध्या इमॅक्स चालू आहे. सारखं कंट्रोल दाबून करंगळीला क्रेप बँडेज आलंय. इमॅक्समध्ये टेट्रिस आहे, आणि 'डॉक्टर' नावाचा मानसोपचारकही आहे. एडिटररावांनी त्याला आपली घालमेल सांगून पाहिली. तो उलट त्यांनाच प्रश्न विचारत बसला.

पलीकडच्या टेबलावर एक मॅडम आहेत. नोटपॅड प्लस प्लस, पांढरं धोप पान, जसा इन्स्टॉल झाला तसाच. एडिटरराव त्यांच्या स्क्रीनकडे अपार करुणेने बघतात. कंपनीची बिलं मॅडमच्या कोडवर निघतात, हा भाग वेगळा.

अन्याय मात्र नको. एका रात्री सर्व्हर झोपला. त्यावर ना खिडक्या ना माऊस, होता तो फक्त व्हीआय. बाकीची मंडळी एकमेकांची तोंडं बघत असताना एडिटरराव पुढे सरसावले, कॉन्फिग फाईलमधली एक ओळ बदलली, सेव्ह करून बाहेरही आले. सगळं मिनिटभरात! त्या मिनिटावर पुढचा आठवडाभर व्याख्यान झालं ते सोडा, पण त्या रात्री आम्ही घरी गेलो ते त्यांच्यामुळे.

तेव्हा तुमच्याकडे असे कोणी असतील तर त्यांना जपा. फक्त "कुठला एडिटर चांगला हो?" असं संध्याकाळी सहानंतर विचारू नका. कंपनीची शेवटची बस साडेआठला सुटते.