खाणताईंना एन्नोरच्या राखेचं पत्र

ती. खाणताई, अरवली जैवविविधता उद्यान, गुरुग्राम, यांना एन्नोर खाडी, उत्तर चेन्नई इथून राखेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं कौतुक इथवर पोचलं. दगड उपसून लोकांनी तुम्हाला पोखरलं, आणि मग 2010 पासून लोकांनीच तिथे धौ, सालई अशी अरवलीची आपली झाडं लावली. 2022 मध्ये तर संरक्षित जंगलांबाहेरचं देशातलं पहिलं संवर्धन-क्षेत्र म्हणून सरकारी शिक्काही मिळाला. वाचून जळफळाट झाला. तसं जळणं मला नवीन नाही, कोळसा जळूनच तर मी जन्मले.

माझंही उद्यान व्हावं, एवढीच इच्छा आहे. उत्तर चेन्नई औष्णिक वीज केंद्रातून मला पाण्यात कालवून, नळांतून सेप्पाक्कमच्या राखतलावाकडे धाडतात. वाट खाडीवरून जाते. नळ फुटके, माझा स्वभाव मोकळा; वाटेतच उतरते. कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते त्या खाडीत मी ठाण मांडलंय. इथे इरुळर लोक चिखलात हात घालून कोळंबी पकडतात. आता त्यांच्या हाताला आधी मी लागते.

माझी कागदपत्रंही चोख. 2017 मध्ये किनाऱ्याचा एक सरकारी नकाशा उजेडात आला, त्यात खाडीच नव्हती! नसलेली खाडी मी बुजवीन कशी? त्याच वर्षी गायक टी. एम. कृष्णा इथे येऊन खाडीसाठी गाऊन गेले. 2022 मध्ये हरित लवादाने वीज केंद्राचे कान उपटले. त्याच वर्षी जुलैत नागपूरकडच्या माझ्या भगिनी, कोराडी वीज केंद्राच्या, खसाळ्याच्या राखतलावाचा बंधारा फोडून नदीत उतरल्या. मराठी बाणा हो, नळ गळायची वाट बघत बसल्या नाहीत. आणि डिसेंबर 2023 च्या पुरात माझ्या सोबतीला तेलाचा तवंगही आला.

एक गोष्ट मात्र टोचते. याच शहरात अड्यार नदीच्या मुखाशी कचरा-राडारोडा उपसून 58 एकरांवर तोल्काप्पिय पूंगा हे उद्यान उभं राहिलं, 2011 मध्ये लोकांना खुलंही झालं. दक्षिणेच्या खाडीला उद्यान, उत्तरेच्या खाडीला मी. शहराला वीज तर सगळीकडेच लागते ना?

ताई, तुमचं गुपित आता कळलं. तुमच्याकडे आधी सुरुंग थांबले, मग रोपं आली. इथे पाहण्या झाल्या, समित्या झाल्या, खारफुटी लावायच्या योजनाही झाल्या. थांबवणं तेवढं राहिलं.

पत्र खुलं आहे, तेव्हा साहेबलोकांनीही वाचावं. माझ्यावर रोपं लावून फोटो काढू नका. आधी गळके नळ बंद करा, मग मला इथून उचला आणि भरतीला आत येऊ द्या. उद्यानाच्या फलकाचं नंतर बघू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
राख