खड्ड्याचं अनुदान

उकिरड्याचेही पांग बारा वर्षांनी फिटतात, असं जुनी माणसं सांगतात. स्वच्छ भारत अभियान २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालं. या हिशेबानं २०२६ साली आपल्या उकिरड्यांचे पांग फिटायला हवेत, आणि तशी चिन्हं आहेतही. उकिरडा घरामागून उठून गावाबाहेर गेला. त्याला न्यायला रोज सकाळी गाणं म्हणत गाडी येते. घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावात म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायला इतक्या वेळेवर वाहन मिळालं, तर माणसं पेढे वाटतील.

या गाडीत चढतं काय, ते एकदा डोकावून बघा. मेथीच्या काड्या, कांद्याची टरफलं, शिळ्या भाकरीचे तुकडे, चहाचा चोथा आणि मोसंबीची सालं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण सालीला ते लागू नसावं. हा सगळा ऐवज प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गाठ मारून, वर घरातल्या बाळाचा डायपर ठेवून रवाना होतो. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करा, असं २०१६ च्याच नियमांनी सांगितलं होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळाच सुका आणि पावसाळ्यात सगळाच ओला, एवढंच वर्गीकरण झालं.

गाडी गेली की त्याच घरातला कर्ता पुरुष कृषी सेवा केंद्रापुढच्या रांगेत जाऊन उभा राहतो. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. त्यात लिंकिंग, म्हणजे खतासोबत दुसरा माल घेण्याची सक्ती, असलं तर नको असलेली एखादी बाटलीही गळ्यात पडते. सकाळी घरचं नत्र फुकट घालवायचं आणि दुपारी दुकानातलं नत्र रांग लावून आणायचं, यालाच बहुतेक अर्थव्यवस्थेला चालना म्हणतात.

आता पर्याय ऐका. तो इतका साधा आहे की सांगायला लाज वाटते. परसात हातभर खोल खड्डा घ्या, त्यात ही सालं-टरफलं टाका, वरून टोपलंभर वाळला पाला आणि वीतभर मातीचा थर द्या. झालं. ड्रम नको, कल्चर नको, पाकिटातून आलेली परदेशी गांडुळंही नकोत. काळ्या मातीत आपली गांडुळं आहेत. उन्हाळ्यात खोल जातात आणि ओल मिळाली की आमंत्रणाशिवाय वर येतात. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत सालीची ओळख पटत नाही. मे महिन्यात पाणी मारलं नाही, तर मात्र कांद्याचं टरफल जसंच्या तसं निघेल, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर तक्रार नको.

दोन पथ्यं आहेत. मातीचा थर पातळ दिला तर रात्री कुत्री येऊन खड्ड्याचं सोशल ऑडिट करतात. आणि पऱ्हाटीसारखा लाकूडफाटा झाडाच्या बुडाशीच पुरला तर तो कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र आधी स्वतः खातात. झाड पिवळं पडतं आणि पुन्हा युरियाची रांग. म्हणून पऱ्हाटी बारीक करून, शेण मिसळून, वेगळी कुजवावी. पण आपण पेटवतो. गोदाकाठाला ऊस तुटला की पाचट पेटतं, तसंच.

खरी अडचण वेगळीच आहे. खड्डा घ्यायला परस राहिलं कुठे? अंगणात पेव्हर ब्लॉक, मागच्या बाजूला फरशी, उरलेल्या जागेत पाण्याची टाकी. माती पायाला लागू नये म्हणून एवढा खर्च केला, आणि आता तुळशीच्या कुंडीसाठी रोपवाटिकेतून पिशवीत माती आणतो. विकत. काळ्या मातीच्या मराठवाड्यात.

हे ज्ञान काही काल आलेलं नाही. १९३१ साली इंदूरच्या एका संस्थेतल्या कामातून काडीकचऱ्याच्या खतावर एक पुस्तक निघालं. त्यावर अल्बर्ट हॉवर्ड यांच्या जोडीला नाव होतं यशवंत वाड यांचं. इंदूर पद्धत जगभर गेली, हॉवर्ड सेंद्रिय शेतीचे प्रणेते ठरले, आणि नावावरून आपले वाटणारे वाड मुखपृष्ठावरच राहिले. पुढे पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी विटांमध्ये भोकं ठेवून टाकं बांधलं. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवणारं, अत्यंत हुशारीचं काम. सरकारलाही ते आवडलं, कारण त्यात विटा होत्या. विटा आल्या की अंदाजपत्रक येतं, मोजमाप पुस्तिका येते, पाटी येते. पाटी अजून शाबूत असलेली आणि आत शेळ्या बांधलेली टाकी हवी तेवढी सापडतील. शेळीही लेंड्या देतेच म्हणा, त्यामुळे योजना अगदीच वाया गेली असं म्हणवत नाही.

परसातल्या खड्ड्याचं दुर्दैव असं, की त्यात विटा नाहीत. फीत बांधायला दोन खांबही नाहीत. त्यामुळे त्याच्यामागे कुणी उभं राहत नाही. पण समजा, उद्या एखाद्या दयाळू सचिवानं 'परसखड्डा योजना' काढलीच. मग नमुना आठ, आधार, पासबुकाची झेरॉक्स, आणि तीन फोटो: खड्डा खोदण्यापूर्वीचा, खोदताना लाभार्थ्यासह, आणि काम पूर्ण झाल्यानंतरचा. पहिल्या फोटोत सपाट जमीन. तिसऱ्या फोटोत, काम नीट झालं असेल तर, पुन्हा सपाट जमीन. फायलीवर लाल शाईत शेरा पडेल: 'प्रत्यक्ष पाहणीत खड्डा आढळून आला नाही, सबब अनुदान नामंजूर.'