इंग्रजीत कसे पडावे

मराठी मनुष्य पडतो तो बहुधा मराठीतच पडतो, व त्या क्षणी त्याच्या मुखातून निघणारा 'आई गं' हा उद्गार कोणत्याही व्याकरणाच्या कक्षेत येत नसल्यामुळे तेथवर सर्व सुरळीत असते. परंतु उठून, कपडे झटकून, कोणी पाहिले नाही ना याची खातरजमा करून झाल्यावर जेव्हा कचेरीत रजेचा अर्ज किंवा विमा कंपनीकडे दावा गुदरण्याचा प्रसंग येतो, तेव्हा मामला इंग्रजीत जातो आणि तोच मनुष्य कागदावर दुसऱ्यांदा पडतो. हे दुसरे पडणे टाळण्यासाठी काही मार्गदर्शन करण्याचे योजिले आहे. पहिले टाळण्याचा उपाय आमच्यापाशी नाही.

इंग्रजी भाषेत नुसते पडलेले चालत नाही. 'फॉल' हा शब्द आहे खरा, परंतु तो फार सार्वजनिक झाला आहे: अमेरिकेत तो शरद ऋतूला दिलेला आहे, नायगाराच्या धबधब्याला चिकटलेला आहे, आणि आमच्या गृहिणींनी तर तो साडीच्या काठाला आतून शिवून टाकला आहे. शिवाय त्याचे भूतकाळी रूप 'फेल' असे होते, आणि अर्जात 'मी जिन्यावर फेल' असा मजकूर उच्चारताच हा गृहस्थ कोणत्या परीक्षेस बसला होता अशी पृच्छा होण्याचा धोका असतो. सबब विशेष शब्द निवडणे क्रमप्राप्त आहे.

शब्द निवडण्यापूर्वी जखमांचा पंचनामा करावा. पावलाची पकड सुटून ते पुढे निघून गेले व देह मागे राहिला, तर इसम पाठीवर येतो, आणि मार माकडहाडास, कोपरास व डोक्याच्या मागील बाजूस बसतो. ही 'स्लिप' होय. उलटपक्षी पाऊल कशास तरी अडून जागीच राहिले व देह पुढे गेला, तर गुडघे, तळहात आणि प्रसंगी नाक कामी येते, ही 'ट्रिप'. दोहोंतील भेद ज्यास कळत नाही त्याने गुडघ्याला पट्टी बांधून 'स्लिप' लिहिल्यास चाणाक्ष साहेब त्याची जबानी तत्काळ खोटी पाडील. मात्र 'ट्रिप' हा शब्द आमच्याकडे सहलीस वाहिलेला असल्याने, 'जिन्यात माझी ट्रिप झाली' असे लिहिणाऱ्याकडे प्रवासखर्चाचा तपशील मागितला जाण्याचा संभव आहे, हेही ध्यानात ठेवावे.

खरी मेख जबाबदारीत आहे. 'ट्रिप' म्हणताच अडथळा आरोपी ठरतो, 'स्लिप' म्हणताच जमीन. इंग्लंडात एका मोठ्या दुकानात फरशीवर सांडलेल्या दह्यावरून एक बाई घसरली, तेव्हा ते दही तेथे किती वेळ पडून होते हे बाईने सिद्ध करावयाचे की आपण निष्काळजी नव्हतो हे दुकानदाराने, असा प्रश्न वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला. १९७६ साली दोन विरुद्ध एक अशा मतांनी खुलाशाचा भार दुकानदारावर पडला आणि बाईस नुकसानभरपाई मिळाली. प्रवासास निघताना हातावर दही घालण्याची आपली चाल शुभ आहे. परंतु ते पायाखाली आल्यास अधिक किफायतशीर ठरते, असे या निवाड्यावरून दिसते.

वाहनधारकांसाठी 'स्किड' हा स्वतंत्र शब्द राखून ठेवलेला असला, तरी आम्ही तो क्वचितच घेतो. जूनच्या पहिल्या सरीत, रस्त्यावर वर्षभर मुरलेले तेल आणि धूळ पाण्यावर तरंगू लागली की गावोगाव एकच वाक्य ऐकू येते: 'गाडी स्लिप झाली.' या वाक्याचे सौंदर्य असे की त्यातून चालवणारा पूर्णपणे अंतर्धान पावला आहे. वेग, ब्रेक, गुळगुळीत झालेला टायर, कानाशी धरलेला फोन, यांपैकी काहीही त्यात राहिलेले नाही. गाडीने स्वेच्छेने निर्णय घेतला व मालक केवळ तिच्यासोबत गेला. आमच्या मते ही मराठी भाषेची इंग्रजीवरील निर्विवाद सरशी असून तिच्यात कोणतीही सुधारणा करू नये.

न पडता पडण्याचा शब्द 'स्टंबल' होय. यात मनुष्य दोन-तीन पावले वेगाने पुढे जातो, हातातील डबा छातीशी धरतो, चपलेचा अंगठा तुटला नाही ना हे बोटांनी चाचपतो आणि सावरतो. सावरल्यावर थांबून, मागे वळून दगडाकडे कठोरपणे पाहणे अवश्य आहे. दगड नसल्यास जेथे तो असावयास हवा होता त्या जागेकडे पाहावे.

'टंबल' लहान मुलांस व डोंबाऱ्यास शोभतो. 'टॉपल' पुतळ्यांसाठी व मंत्रिमंडळांसाठी आहे. 'कोलॅप्स' पुलांना, घडीच्या खुर्च्यांना व अत्यवस्थ रुग्णांना लागू असल्याने, पडल्यावर पाचव्या मिनिटाला चहा मागणाऱ्याने त्यावर हक्क सांगू नये.

कोणत्या शब्दास किती भ्यावे याविषयी मात्र लोकांत मोठा गैरसमज आहे. बॉबी लीच नावाचा इंग्रज कसरतपटू २५ जुलै १९११ रोजी पोलादी पिंपात बसून नायगाराच्या धबधब्यावरून खाली आला. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या फुटल्या, जबडा मोडला, तो कित्येक महिने रुग्णालयात होता. पण वाचला, आणि त्या कीर्तीवर देशोदेशी व्याख्याने देत फिरला. पुढे १९२६ साली न्यूझीलंडमध्ये तो संत्र्याच्या सालीवरून घसरला, पाय मोडला, जखम चिघळली, पाय कापावा लागला आणि त्यातच त्याचा अंत झाला. केळीच्या सालीचा घर्षणांक अवघा ०.०७ भरतो हे मोजून दाखवणाऱ्या जपानी संशोधकांना २०१४ साली विनोदी नोबेल म्हणून प्रसिद्ध असलेले पारितोषिक मिळाले. संत्र्याच्या वाट्याला तोही मान आला नाही.

इतका विचार करून अर्जात 'स्लिप' असा शब्द घातला, माकडहाडाचा स्पष्ट उल्लेख केला, फरशी ओली असल्याचे दोन साक्षीदार मिळवले, तरी सोबत जोडावयाच्या दाखल्यावर डॉक्टर महाशय घाईघाईने 'फॉल' एवढेच लिहून मोकळे होतात. तेव्हा अर्ज प्रथम डॉक्टरांना दाखवावा. तेवढी सवड त्यांना नसल्यास त्यांनी जे काही लिहिले असेल ते 'स्लिप'च आहे असे साहेबांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे. डॉक्टरी हस्ताक्षरात तो शब्दही सहज मावतो.