भिंतीची काळजी

महाड-पोलादपुरात वरात निघाली की टेम्पोवरच्या स्पीकरच्या भिंतीला जेवढं जपतात, तेवढं नवरीलाही जपत नाहीत. भिंतीला आवाज आवाक्यात ठेवणारा लिमिटर असतो. ॲम्प्लिफायर कुवतीपलीकडे ताणला की लाटांचे शेंडे कापले जातात आणि ट्वीटरची नाजूक कॉइल आधी जळते, हे ऑपरेटरला तोंडपाठ. आवाज जेमतेम 3 डेसिबलनं चढवायला दुप्पट वॉट लागतात, हेही. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा घालणारे 2000 सालचे नियम तेवढे त्याच्या पाठांतरात नाहीत. (पाठ असते तर गाणं निम्म्यात थांबलं असतं, आणि नवरदेवाचे मित्र रुसले असते.) जळलेली कॉइल नवी बसवता येते. ओटीवरच्या आजोबांच्या कानाला ना लिमिटर, ना फ्यूज. शिवाय त्यांच्यापोटी कुणी डिपॉझिटही भरलेलं नसतं.