बोंबील खाणारे साहेब

कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या अंमलदारांना कलकत्ता-मद्रासचे गोरे ‘डक’ म्हणत. बदक खरं, पण पोहणारं नव्हे. वेसाव्याला बांबूंवर वाळत टांगलेलं. सुक्या बोंबलाला साहेबानं ‘बॉम्बे डक’ केलं आणि तो खाणाऱ्यालाही तेच नाव डकलं. ज्याच्या वासानं शेजारी खिडक्या लावून घेतात, त्याच्या नावानं ओळखलं जायचं म्हणजे थट्टाच!

बोंबील टपालाच्या आगगाडीनं, म्हणजे ‘डाक’नं जात, म्हणून तो डक, अशी एक कथा चवीनं सांगतात. पण मुंबईची आगगाडी सुटली 1853 साली, आणि माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या 1803 च्या लिखाणात हे डक आधीच हजर आहेत. तो कलकत्त्याच्या नोकरीतला, तेव्हा जनरल वेलस्लीबरोबर मराठ्यांच्या मुलखात मोहिमेवर होता. बंगालच्या फौजेचे चोचले आणि डकांची खडतर राहणी यांची त्यानं तुलना केली. पुढे 1819 साली हाच गृहस्थ मुंबईचा गव्हर्नर, म्हणजे समस्त डकांचा म्होरक्या झाला. बोंबलानं सूड उगवला म्हणायचा.

मद्रासचे ते ‘मल’. मराठी कानाला हे बरं वाटत नाही, पण मूळ आहे मुलिगाटॉनी सूप, म्हणजे तमिळ मिळगु-तण्णीर, मिऱ्याचं पाणी. बंगालवाले ‘क्वी-हाय’: “कोई है?” अशी नोकराला हाक मारून हुक्का मागवणारे. दोघं ताटावरून ओळखले गेले, तिसरा नुसत्या हाकेवरून. माझी सहानुभूती ताटवाल्यांकडे. निदान इथलं काही पोटात तरी गेलं होतं.

आपण मात्र त्यांच्या ताटात डोकावलोच नाही. डोक्याकडे पाहिलं आणि ‘टोपीकर’ म्हणून मोकळे झालो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी या टोपीकरांत इंग्रजांबरोबर वलंदेज आणि डिंगमारही मोजले आहेत. वलंदेज म्हणजे डच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. डिंगमार हे नाव ऐकून वाटतं, दंड थोपटत कोणी पैलवान आला. होते बिचारे व्यापारी. पण पंत टोपीला भुलणारे नव्हते. वखारीला जागा द्यायचीच झाली तर समुद्रकाठी देऊ नये, आत मुलखात द्यावी, असं त्यांनी बजावून ठेवलं. एवढंच की मुंबई तोवर पन्नासएक वर्षं इंग्रजांकडे होती, बोंबलासकट.