उंदराची लघवी जपून ठेवा

एक उंदीर दिवसाकाठी साधारण एक ते दोन मिलिलीटर लघवी करतो. ही माहिती बहुतेक सुशिक्षित माणसांना जन्मात एकदाही उपयोगी पडत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या एका प्रयोगशाळेत मात्र सगळी भिस्त या आकड्यावर होती. मायकेल ओ'रायली नावाचा तरुण सर्जन तिथे उंदरांची लघवी गोळा करत होता. एकाच उंदरावर विसंबून राहिला असता, तर लिटरभर जमायला दोनेक वर्षं लागली असती, आणि प्रयोगशाळेतल्या उंदराचं आयुष्यही साधारण तेवढंच. म्हणून उंदीर पुष्कळ होते आणि त्यांच्या अंगात कॅन्सरच्या गाठी वाढवलेल्या होत्या. मुलगा सर्जन झाला म्हणून ज्या घरात पेढे (किंवा त्यांच्याकडे जे काही वाटतात ते) वाटले गेले असतील, त्या घरानं ‘सध्या काय करतो?’ या प्रश्नाला काय उत्तर दिलं असेल, देव जाणे.

या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. ज्युडा फोकमन. क्लीव्हलंडचे, ज्यू धर्मगुरूचे चिरंजीव. वडील आजाऱ्यांना भेटायला इस्पितळात जात, तेव्हा मुलालाही सोबत नेत. मुलानं गादी चालवावी ही अपेक्षा. पण मुलाचं लक्ष प्रार्थनेपेक्षा पलंगाशेजारच्या यंत्रांकडे. शेवटी त्यानं डॉक्टर होणार असं जाहीर केलं, तेव्हा वडिलांनी आकांडतांडव केलं नाही. डॉक्टर हो, पण धर्मगुरूसारखा डॉक्टर हो, एवढंच ते म्हणाले. १९६७मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, फोकमन चिल्ड्रन्स हॉस्पिटलचे मुख्य सर्जन झाले. या पदावर पोचलेल्या माणसानं सकाळी ऑपरेशनं करावीत, दुपारी कनिष्ठांवर ओरडावं आणि संध्याकाळी सुखानं घरी जावं, अशी जगाची रीत. फोकमन संध्याकाळी सशांकडे जात.

सशांचं हे प्रकरण नौदलापासूनचं. १९६०च्या सुमारास अमेरिकी नौदलाला एक पेच पडला होता. अणुशक्तीवर चालणारी जहाजं महिनोन्‌महिने समुद्रात राहणार, पण साठवलेलं रक्त तेवढं टिकत नाही. तेव्हा रक्ताला पर्याय शोधा, असं काम फोकमन आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक बेकर यांच्याकडे आलं. त्यांनी हिमोग्लोबिनचं द्रावण केलं, सशाची थायरॉइड ग्रंथी बाहेर काढून तिच्यातून ते खेळवलं आणि ग्रंथी जिवंत ठेवली. ती खरोखर जिवंत आहे की नाही हे पाहायला तिच्यात उंदराच्या कॅन्सरपेशी टोचल्या. गाठी धरल्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या आणि थांबल्या. त्याच गाठी उचलून उंदराच्या अंगात ठेवल्या, तर भराभर फोफावल्या. नौदलाला हवं होतं रक्त. फोकमनना मिळाला प्रश्न. नौदलाचा हिशेब कसा मिटला ते असो, पण तो प्रश्न घेऊन हा माणूस पुढची जवळजवळ पन्नास वर्षं फिरला.

प्रश्नाचं त्यांनी दिलेलं उत्तर असं, की कॅन्सरची गाठ म्हणजे शहराच्या कडेला रातोरात उठलेली बेकायदा वस्ती. एक-दोन मिलिमीटरपर्यंत ती आसपासच्या ओलाव्यावर भागवते. पुढे वाढायचं तर नळ हवा. मग ती रासायनिक निरोप धाडते आणि शेजारच्या सभ्य, कायदेशीर रक्तवाहिन्या मुकाट्यानं तिच्या दिशेनं फाटे फोडतात. तेव्हा वस्तीवर बुलडोझर घालण्याऐवजी नळजोडणीच तोडली तर? १९७१मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांनी हे मांडलं.

विद्वानांनी ते वाचलं आणि करमणूक झाल्यासारखे हसले. पॅथॉलॉजिस्ट मंडळींचं म्हणणं, आम्ही आयुष्यभर गाठी पाहतोय, आम्हाला कधी एवढ्या रक्तवाहिन्या दिसल्या नाहीत. फोकमनचं म्हणणं, तुमच्याकडे येते ती बरणीतली, निचरा झालेली, पांढरी पडलेली गाठ. आमच्याकडे ती टेबलावर असते, गरम असते आणि हात लावला की भळाभळा वाहते. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि अशा वेळीच भांडण सर्वांत जास्त टिकतं. त्यात जीवशास्त्रज्ञांची वेगळी नाराजी. सर्जननं कापावं आणि शिवावं, विचार करण्याचं काम त्याला कुणी सांगितलं? परिषदेत बोलायला उभं राहिलं की श्रोत्यांमधल्या शंभरेक लोकांना एकदम लघवीला लागायची, असं फोकमन स्वतःच नंतर सांगत. कल्पना खरी ठरली तर लोक तुम्हाला चिकाटीचा म्हणतात, खोटी ठरली तर हट्टी, हेही तेच सांगत. हे वाक्य माणूस हसत हसत म्हणू लागला, की त्याला बराच काळ हट्टी म्हटलं गेलंय असं समजावं.

आता अशा प्रयोगशाळेत नोकरी कोण धरणार? तर ज्यांना दुसरीकडे कुणी विचारत नाही ते. किंवा ज्यांना सगळीकडे विचारतात, पण ज्यांचं डोकं थोडं फिरलेलं आहे ते.

रॉबर्ट लँगर दुसऱ्या गटातला. एमआयटीतून १९७४मध्ये केमिकल इंजिनियरिंगची डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला, तेव्हा जगात तेलाचा भडका उडाला होता आणि तेल कंपन्या इंजिनियर अक्षरशः उचलून नेत होत्या. लँगरला वीसेक नोकऱ्या सांगून आल्या. त्यांतल्या चार तर एकट्या एक्सॉनच्या. आपल्याकडे एखाद्या मुलाला एवढी स्थळं सांगून आली असती, तर आई पत्रिका पसरून बसली असती. या मुलानं सगळी नाकारली आणि इस्पितळांना पत्रं लिहायला सुरुवात केली. इस्पितळांनी त्याला उत्तर देण्याची तसदी घेतली नाही. मग कुणी तरी सुचवलं, तो फोकमन कधी कधी विचित्र माणसं ठेवून घेतो, त्याला विचार. फोकमननी ठेवून घेतलं.

आणि काम दिलं हाडांचं. कूर्चेत, म्हणजे सांध्यातल्या त्या पांढऱ्या चिवट भागात, रक्तवाहिन्या शिरत नाहीत. म्हणजे त्यांना अडवणारं काही तरी तिथे असणार. ते शोधायचं. सशाची कूर्चा पुरेना, म्हणून लँगर बोस्टनच्या कत्तलखान्यात जाऊ लागला. गाईंची हाडं आणायची, मांस खरवडायचं, कूर्चा तासायची, तिचा अर्क काढायचा, की पुन्हा हाडं. एक्सॉनमध्ये त्याला वातानुकूलित खोली मिळाली असती. शिवाय आणखी एक अडचण होती. अर्कातली प्रथिनं आठवडेच्या आठवडे थेंबाथेंबानं सोडत राहील असं काही तरी हवं होतं, आणि एवढे मोठे रेणू प्लास्टिकातून असे झिरपू शकत नाहीत, हे सर्व तज्ज्ञांना माहीत होतं. लँगरनं खटपट चालू ठेवली. जमत नाही असे दोनशेहून अधिक मार्ग आपण शोधले, असं तो पुढे सांगत असे. मग एक जमला. १९७६मध्ये कूर्चेची गोष्ट ‘सायन्स’मध्ये आली आणि प्लास्टिकाची ‘नेचर’मध्ये. बक्षीस म्हणून अनुदानाचे त्याचे पहिले नऊ अर्ज नामंजूर झाले. हाच लँगर पुढे एमआयटीत नावाजलेला प्राध्यापक झाला, आणि २०१०मध्ये मॉडर्ना कंपनी काढणाऱ्यांपैकी एक. कोविडच्या लशीमुळे ते नाव घराघरांत पोचलं. गाईच्या हाडांचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

या प्रयोगशाळेतला माल एकूण असाच. मायकेल गिंब्रोन सशांच्या डोळ्यांत गाठी ठेवत होता. बुबुळावरचा पारदर्शक पडदा स्वच्छ, रक्तवाहिनीरहित, त्यामुळे एकही नवी वाहिनी फुटली तरी भिंगातून लगेच दिसते. दुसरीकडे इन्क्युबेटरमध्ये कोंबडीची अंडी. कवचाला खिडकी पाडायची, आतल्या पडद्यावर औषधाचा ठिपका ठेवायचा आणि पडद्यावरचं रक्तवाहिन्यांचं जाळं तिथे विरळ होतं का पाहायचं. त्या अंड्यांचं ऑम्लेट करण्याचा मोह कुणाला झाला नाही, कारण आत पिल्लू अर्धं तयार असायचं.

शिवाय नाळ. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी शरीराबाहेर वाढवायच्या, तर त्या मिळवायला बाळाच्या नाळेतली शीर सर्वांत सोयीची. आपल्याकडे नाळ पुरतात आणि माणूस पुढे जन्मभर त्या गावाचं गुणगान करतो. इथे ती प्रसूतिगृहातून ताजी ताजी प्रयोगशाळेत यायची, धुतली जायची आणि तिच्यातल्या पेशी काचेच्या बशीत नांदू लागायच्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही विद्या साधली. सगळ्यांत बारीक, केशवाहिन्यांच्या पेशी मात्र फारच नाजूक. त्यांना साधं खाणं चालेना. कॅन्सरपेशी ज्यात वाढवल्या ते पाणी घातल्यावर त्या राजी झाल्या आणि १९७९मध्ये तेही जमलं. पेशींना रविवार कळत नाही, नाताळ कळत नाही. त्यांचं खाणं बदलायला कुणाला तरी यावंच लागतं. जगात कुठेही पेशी वाढवणाऱ्या माणसाला विचारा, लग्नाच्या वाढदिवशी तो कुठे होता.

बशीत बुरशी लागली की ती बशी फेकायची, हा सर्व प्रयोगशाळांतला पहिला नियम. १९८०च्या दशकात डॉनल्ड इंगबरच्या बशीत बुरशी लागली. फेकण्याआधी त्यानं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर बुरशीजवळच्या पेशी मेल्या नव्हत्या. नुसत्या गोल होऊन, हातपाय आखडून बसल्या होत्या. बुरशीतून निघालेला पदार्थ फ्युमॅजिलिन. तो नवा नव्हताच. मधमाश्यांच्या पोटाच्या रोगावर मधपाळ तो वापरत आले होते. त्याच्यापासून बनवलेलं औषध १९९०मध्ये ‘नेचर’मध्ये झळकलं. हा नियम मोडायचा हक्क आपल्यालाही आहे असं वाटून त्यानंतर किती विद्यार्थ्यांनी सडक्या बशा जपून ठेवल्या असतील, याची नोंद कुठल्या नियतकालिकात नाही.

ओ'रायलीच्या लघवीचं कारण आता सांगायला हरकत नाही. सर्जन मंडळींच्या पाहण्यात एक गोष्ट होती. मोठी गाठ काढली, की कधी कधी दूरवर दडलेल्या लहान गाठी अचानक वाढू लागतात. याचा अर्थ मोठी गाठच काही तरी सोडून लहानांना दाबून ठेवत असणार. ते रक्तात असेल, आणि रक्तात असेल तर लघवीतही उतरेल. उतरलं होतं. ‘अँजिओस्टॅटिन’ १९९४मध्ये जाहीर झालं, त्याचं भावंड ‘एंडोस्टॅटिन’ १९९७मध्ये. त्याच परंपरेत मार्शा मोझेस यांनी माणसांच्या लघवीत कॅन्सरच्या खुणा शोधायला घेतल्या. फोकमननंतर रक्तवाहिनी-जीवशास्त्राचा हा सगळा विभाग त्यांच्याच हाती आला.

मग ३ मे १९९८चा रविवार उजाडला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर अँजिओस्टॅटिन आणि एंडोस्टॅटिन या दोन औषधांची बातमी आली आणि तिच्यात नोबेलविजेते जेम्स वॉटसन यांच्या तोंडी असं वाक्य होतं, की फोकमन दोन वर्षांत कॅन्सर बरा करणार. आपण असं बोललोच नाही, असं पत्र वॉटसननी पाठवलं, पण पत्रं कोण वाचतं? औषधांचे हक्क असलेल्या एंट्रेमेड कंपनीचा शेअर शुक्रवारी बारा डॉलरच्या आसपास होता. सोमवारी सकाळी तो पंच्याऐंशीपर्यंत उडाला आणि संध्याकाळी बावन्नच्या जवळपास येऊन बसला. हॉस्पिटलचे फोन वाजत राहिले. फोकमन मात्र एवढंच म्हणत होते, की तुम्हाला कॅन्सर असेल आणि तुम्ही उंदीर असाल, तर आम्ही तुमची चांगली काळजी घेऊ. अमेरिकेत दोन्ही औषधांचा माणसांवर फारसा प्रभाव पडला नाही. चीननं एंडोस्टॅटिनचा एक प्रकार २००५मध्ये मंजूर केला.

बाजी मारली ती वेगळ्याच मंडळींनी. कॅलिफोर्नियात नेपोलिओने फेरारा यांनी, गाठी जे निरोप धाडतात त्यांतला मुख्य निरोप १९८९मध्ये पकडला होता. त्याला अडवणारं बेव्हासिझुमॅब फेब्रुवारी २००४मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. फोकमननी ते पाहिलं. जानेवारी २००८मध्ये एका परिषदेला जाताना डेन्व्हरच्या विमानतळावर ते गेले, वय ७४.

आज पुण्या-नाशिकच्या नेत्ररुग्णालयांत मधुमेहानं पडदा बिघडलेल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत हेच बेव्हासिझुमॅब टोचतात, कारण तिथेही रोग नको त्या जागी फुटलेल्या, झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांचाच. कॅन्सरसाठीच्या चार मिलिलीटरच्या बाटलीतला ऐंशीवा भाग एका डोळ्याला पुरतो. पंचाईत होते ती नातू मोबाइलवर औषधाचं नाव घालून बघतो तेव्हा. ‘कॅन्सरचं औषध’ असं दिसतं, घरात कुजबुज सुरू होते, अमेरिकेतल्या काकाला फोन जातो. आपल्याला काही तरी झालंय आणि सगळे मिळून लपवताहेत, अशी आजींची खात्री पटते. डॉक्टर समजावतात, की आजी, हे खरं तर रक्तवाहिन्यांवरचं औषध आहे. मग तसं बाटलीवर का लिहीत नाहीत, असं आजी विचारतात. त्यावर डॉक्टरांना सांगावं लागतं, की मूळ कंपनीनं डोळ्यासाठी म्हणून याच घराण्यातलं एक वेगळं औषध काढलंय, त्यावर तसं लिहिलेलं असतं, आणि त्याची किंमत अमुक. आजी किंमत ऐकतात.

“मग राहू द्या,” त्या म्हणतात, “कॅन्सरवालंच द्या.”