अनुशेष कानांचा

मराठवाड्यात कुठल्याही दुखण्याचं निदान एकच, अनुशेष. रस्ता नाही, अनुशेष. पाणी नाही, अनुशेष. १९८४ साली दांडेकर समितीनं तो मोजून कागदावर आणला, तेव्हापासून तर विचारूच नका. शास्त्रीय गाणं का ऐकत नाही म्हटलं, तरी नांदेड-लातूरच्या सुशिक्षित माणसाचं उत्तर तयार असतं, "आमच्याकडं कुठं हो असल्या मैफली? पुण्यात सवाई होतो, मुंबईत एनसीपीए आहे. आम्ही काय ऐकावं?"

बाकीचे अनुशेष असतील. हा मात्र पुरता भरून निघाला आणि कुणी साधा सत्कारही ठेवला नाही. किशोरीताई, कुमारजी, भीमसेनजी, मल्लिकार्जुन मन्सूर सगळे खिशातल्या फोनमध्ये बसून आहेत. बिदागी नाही, गाडीभाडं नाही, उतरायची सोय बघायची नाही. दीपप्रज्वलन नाही आणि प्रायोजकाचं मनोगतही नाही. पुण्याच्या मांडवात ज्या वेळी वडापावच्या रांगेत राग निम्मा संपतो, त्या वेळी लातूरच्या औसा रोडवरचा माणूस सोफ्यावर पाय सोडून तो पूर्ण ऐकू शकतो. शकतो म्हटलंय. ऐकतो असं नाही.

२६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीनं शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची 'रागम्' वाहिनी सुरू केली. त्याच वर्षी एप्रिलात लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. मिरज म्हणजे तानपुऱ्यांचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. पाणी आलं तेव्हा स्टेशनवर गर्दी, हार, कॅमेरे. सूर जानेवारीतच येऊन थांबले होते, त्यांना उतरवून घ्यायला कुणी गेलं नाही.

जाणार कधी? भैरवाची वेळ पहाटेची आणि लातुरात पहाट फिजिक्सच्या मालकीची. तोडीच्या वेळी केमिस्ट्री. संध्याकाळी यमन लावावा तर टेस्ट सिरीज. तरी घरोघर पेट्या आल्या, कारण दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. पोरगं यमनाचे वादी-संवादी घडाघडा सांगतं. सलग अर्धा तास यमन ऐकलायस का, असं विचारलं की आईकडं बघतं. मार्कलिस्ट हातात पडली की पेटी माळ्यावर.

मोठ्यांचं ऐकणं बघण्यासारखं असतं. अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा चालू आहे. चौदा मात्रांचं आवर्तन, घाई कसलीच नाही. खाँसाहेब एकेक सूर पारखून ठेवतायत, मुखडा उचललाय, सम आता आलीच, आणि खणखणीत आवाजात बोअरच्या मोटारीची जाहिरात! पाच सेकंदांनी मोटार जाते, पण समेची जागा गेली ती गेली. अर्थात खरा गुन्हेगार मोटारवाला नव्हे. त्याच्या आधी आपणच पडद्यावर दोनदा बोट मारून आलाप दहा-दहा सेकंद पुढं ढकलत असतो, तराणा कुठं आहे ते बघायला. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर उतरलं, तेव्हा एका बाजूला मावत होती जेमतेम तीन मिनिटं. गवयांनी राग तेवढ्यात बसवले, इलाजच नव्हता. आता ध्वनिमुद्रण तासाचं झालं आणि माणूस तीन मिनिटांचा.

आणि ऐकायचं कशावर? लग्नाच्या वरातीत डीजेचा बास छातीत धडधडल्याशिवाय वऱ्हाड हलत नाही. मन्सूरांना मात्र फोनचा नखाएवढा स्पीकर. त्यातून ना तानपुऱ्याचा खर्ज येतो, ना डग्ग्याची घुमक. मग म्हणायचं, शास्त्रीय गाणं किरकिरं असतं बुवा.

काहींना देशी पुरत नाही. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा २००६ पासून आपले प्रयोग चित्रपटगृहांत दाखवतं. २०२०च्या टाळेबंदीत त्यांनी रोज रात्री एक ऑपेरा घरबसल्या फुकट दाखवला. व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता'मध्ये क्षयानं खंगलेली नायिका शेवटच्या अंकात गात गात प्राण सोडते, हे ऐकून आपल्याकडं लोक हसतात. अरे, हसता कुणाला? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं, तेव्हापासून आपली पात्रं रागावली तरी गातात आणि रुसली तरी गातात. बालगंधर्वांनी तर ऐन प्रसंगात वन्समोअर घेतले. व्हेर्दी आपला सोयराच म्हणायचा.

सगळ्यात मोठी गंमत नांदेडातच आहे. सचखंड गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन इंटरनेटवरून थेट जातं. गुरू ग्रंथसाहिबातली वाणी एकतीस रागांखाली मांडलेली, त्यात आपल्या नरसीच्या नामदेवांची पदं. कॅनडातला ट्रकवाला नांदेडचं गाणं लावून गाडी हाकू शकतो आणि गुरुद्वाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर राहणारा म्हणतो, आमच्याकडं काही होत नाही!

पंडित नाथराव नेरळकर याच नांदेडात जन्मले. अण्णासाहेब गुंजकरांकडं शिकले, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला आणि २०२१ साली गेले. ते गेले त्या दिवशी मराठवाड्यातल्या किती व्हॉट्सअ‍ॅप गटांवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' फिरली असेल, त्याचा हिशोब नको. त्यांतल्या कितींनी त्यांचं एखादं गाणं शोधून लावलं, हा हिशोब ज्यानं त्यानं आपापला करावा.

तेव्हा मंडळी, आंदोलन नको, निवेदन नको, पालकमंत्र्यांची भेटही नको. या रविवारी नाथरावांचं एखादं गाणं शोधा. बरासा स्पीकर जोडा, फोन हातातून खाली ठेवा आणि पहिल्या आलापापासून शेवटपर्यंत बसा. कुणाला पाठवू नका, स्टेटसला लावू नका. नाहीच आवडलं तर खुशाल बंद करा. न आवडण्याचा हक्क असतो, पण तो पूर्ण ऐकणाऱ्यालाच.